मास्तरीणबाई हुशार झाल्या

मास्तरीणबाई हुशार झाल्या, हे सगळ्यांत शेवटी कळलं ते त्यांच्या नवऱ्याला. यात नवऱ्याचा फारसा दोष नाही. त्यांना कळू नये म्हणून बाईंनी आपली निम्मी नवी हुशारी खर्ची घातली होती, आणि बायकोने एकदा मनावर घेतलं की नवऱ्यापासून काय काय लपून राहतं, याला काही सुमार नाही.

मास्तरीणबाई हे नुसतं म्हणायचं नाव. त्यांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. नवरा हेडमास्तर, म्हणून गल्लीने त्यांना मास्तरीणबाई करून टाकलं, इतकंच. त्यांचा स्वतःचा धंदा शिलाईचा. नवे कपडे शिवायच्या भानगडीत त्या पडत नसत. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची कंबर सैल करायची, कुणाच्या जॅकेटची चेन बदलायची. जेवणाच्या टेबलाशेजारी खिडकीत त्यांचं मशीन होतं, आणि टेबलाच्या डोक्याशी हेडमास्तरांची खुर्ची. घरातला अकलेचा सगळा कारभार त्या खुर्चीतून चाले.

हेडमास्तर माणूस सोन्यासारखा. पण आपण हुशार आहोत हे त्यांना लहानपणीच कळलं होतं आणि त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा तपासून पाहिला नव्हता. वर्तमानपत्र ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवत आणि अवघड मजकूर आला की मनात वाचत, तिला उगाच त्रास नको म्हणून. बँक, विमा, निवडणूक, कशाचाही विषय निघाला की म्हणत, "तू नको डोक्याला ताप करून घेऊस." आणि हे ते अगदी प्रेमाने म्हणत, हीच तर पंचाईत होती. बाईंना चिडायला जागाच राहत नसे.

तर झालं असं, की मोठ्या हॉस्पिटलात साठी उलटलेल्यांसाठी एक नवा उपचार निघाला. हाताला सुई लावून औषधाची बाटली थेंबाथेंबाने अंगात सोडायची, असं काही आठवडे केलं की मेंदू तरतरीत होतो म्हणे. लेकीने आईबापांची दोघांचीही नावं दिली. हेडमास्तरांनी आपलं नाव लगोलग काढून घेतलं.

"मला कशाला? हिला द्या. हिच्या चाव्या रोज हरवतात."

चाव्या सापडायला लागल्या. पण औषध काही चाव्यांवर थांबलं नाही. समोर उभ्या गिऱ्हाइकाची पँट बघूनच बाईंना कळू लागलं, की हा माणूस बॅग कुठल्या खांद्याला लावतो आणि याचा कुठला गुडघा दुखतो. कपाटातली हेडमास्तरांची जाडजूड पुस्तकं त्या कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात वाचून संपवू लागल्या. हेडमास्तरांचा एक इन्स्पेक्टरचा विनोद होता, त्याला बाई लग्नापासून हसत आल्या होत्या. तो एक दिवस भाजी चिरताना त्यांना एकाएकी कळला, आणि कळल्यावर मुळीच हसू आलं नाही. इतकी वर्षं आपण विनोदाला नाही, तो सांगताना या माणसाचा चेहरा कसा फुलतो त्याला हसत होतो, हेही त्याच मिनिटाला कळलं. मग मात्र हसू आलं. इतकं की भाजी करपली.

शेवटच्या तपासणीला तरुण डॉक्टरीणबाई हरखून गेल्या. "आजी, तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या पुढे गेलात!" बाई मान ताठ करून बाहेर आल्या. आता गाडीत बसल्याबरोबर सांगायचं, असं ठरवूनच आल्या.

गाडीत हेडमास्तर स्टिअरिंग धरून बसले होते. "मग?" त्यांनी विचारलं. "पडला काही फरक?"

आवाज सहज होता, पण चेहरा सहज नव्हता. निकालाच्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचा असतो तसा होता. बाईंना त्यांची इतकी माया आली, की तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"चाव्या सापडतात," त्या म्हणाल्या.

हेडमास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, गाडी सुरू केली आणि घरी पोचेपर्यंत बायकोला क्लच म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चुकीचं सांगितलं. बाईंनी हूं हूं म्हटलं.

इथवर सगळं ठीक होतं. अशी हूं हूं म्हणत दोघांची राहिलेली वर्षं निघून गेली असती. पण सुट्टी लागली आणि शाळेतून फळा आला.

हा फळा म्हणजे हेडमास्तरांचा जीव की प्राण. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळेचं वेळापत्रक अजून तेच लावून देत. टेबलभर मोठा लाकडी फळा, त्यावर भोकांच्या रांगा. उभ्या रांगा दिवसांच्या आणि तासांच्या, आडव्या वर्गांच्या. प्रत्येक भोकात एक खुंटी बसायची, आणि प्रत्येक खुंटीवर रंगीत दोरा गुंडाळलेला, बाईंच्याच रिळांतून घेतलेला. एक रंग म्हणजे एक शिक्षक. निळे गणिताचे सर, जांभळ्या विज्ञानाच्या बाई, तपकिरी खेळाचे सर. हिरव्या संगीताच्या बाई फक्त सकाळी येत, कारण दुपारी त्या दुसऱ्या शाळेत असत. प्रयोगशाळा एकच, त्यामुळे दोन वर्गांना एका वेळी विज्ञान चालायचं नाही. एक खुंटी हलवली की दुसरीकडे तिघांचं बिनसायचं. मध्ये एकदा शाळेने हे काम संगणकाकडून करून घेतलं होतं. त्याने सगळ्यांचा खेळाचा तास जेवणाच्या सुट्टीला चिकटवून दिला, पोरं भरल्या पोटी धावली आणि मैदानावर जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून फळा मुकाट्याने हेडमास्तरांच्या टेबलावर येई, आणि नव्या हेडबाई स्वतः येऊन "सर, तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हणून जात. त्या एका वाक्यावर हेडमास्तर वर्षभर जगत.

यंदा मात्र गाडी काही रुळावर येईना. शाळेत दोन वर्ग वाढले होते, शिक्षक तेवढेच होते. हेडमास्तर सकाळपासून फळ्यावर ओणवे. खुंटी लावायची, काढायची, पुन्हा तिथेच लावायची. बाई शेजारी मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची दुमड शिवत, आणि त्यांना मशीनवरूनच सगळं लख्ख दिसे. जांभळी इथे लावली, म्हणजे निळी तिकडे जाणार, म्हणजे हिरवीला दुपारशिवाय जागा उरणार नाही, म्हणजे शेवटी गुरुवार फुटणार. त्यांना गुरुवार फुटताना चार दिवस आधी दिसे, आणि हेडमास्तर चार दिवस घाम गाळून त्याच गुरुवारावर जाऊन आपटत. मग फळ्यावर हात मारत, चहा थंड म्हणून ओरडत, खिडकीतून येणाऱ्या उन्हावरही ओरडत.

बाईंना बघवेना. एक दिवस हेडमास्तर आंघोळीला गेले आणि आतून त्यांच्या गाण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि दोन खुंट्यांची अदलाबदल केली. दोनच. पुन्हा येऊन मशीनवर बसल्या.

त्या दिवशी हेडमास्तरांचं काम सरसर पुढे गेलं. जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतलं. "सुटायला लागलं बघ," म्हणाले. "दम धरावा लागतो." बाई म्हणाल्या, "हो ना." आणि मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग तो रिवाजच पडला. ते आंघोळीला गेले की या फळ्याकडे. कधी एक खुंटी, कधी तीन. जास्त नाही. नवऱ्याला आपणच सोडवलं असं वाटलं पाहिजे, इतकाच हात लावायचा. यातही अक्कल लागते, आणि बाईंना ते काम मनापासून आवडत होतं हे कबूल केलं पाहिजे. इतक्या वर्षांनी त्यांच्या डोक्याला त्याच्या मापाचं काम मिळालं होतं.

थोड्याच दिवसांत हेडमास्तर गप्प झाले. काम भराभर होत होतं, तरी गप्प. सकाळी फळ्यापुढे आले की खुंट्यांवरून बोट फिरवत बसत, ओठ हलवत. आंघोळीतलं गाणं थांबलं. इन्स्पेक्टरचा विनोदही कितीतरी दिवस झाला नाही. बाईंना वाटलं, काम रंगात आलंय, म्हणून लक्ष लागलंय. आता या बाईंना काय म्हणावं? फळ्यावरचा गुरुवार यांना चार दिवस आधी दिसतो आणि समोर बसलेला नवरा दिसत नाही.

दिसला तो लेकीमुळे. लेक लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दोन ब्रेकची शिकवणीची गाडी घेऊनच ती दुपारची दारात आली, चप्पल न काढता आत शिरली आणि आधी खोल्यांतून डोकावून आली.

"बाबा कुठेत?"

"न्हाव्याकडे गेलेत. का गं?"

"मग ऐक. तुला सांगू नको म्हणालेत, म्हणून आधी तुलाच सांगते." ती टेबलावर बसली, फळ्याला ढुंगण लावून. "काल माझ्या गाडीत येऊन बसले. शिकाऊच्या जागेवर. म्हणाले, डोकं तपासून घ्यायचंय, चांगला डॉक्टर कोण? मी म्हटलं, झालं काय? तर म्हणे, मी रात्री जांभळी एका जागी लावतो आणि सकाळी ती भलतीकडेच असते. घरात दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. म्हणजे मीच लावतो आणि मला आठवत नाही. माझेच हात काहीतरी करतात आणि मला पत्ता नसतो."

बाईंच्या हातातली पँट खाली पडली.

"आई, ते रडत होते," लेक म्हणाली. "बाबा. माझ्या गाडीत. उद्या फळा शाळेला परत देणारेत. कायमचा. सांगणारेत, की दुसरा माणूस बघा. आणि मला म्हणाले, आईला यातलं काही कळायला नको. ती घाबरेल. तिला असलं काही समजत नाही."

 आधी शरमेने बाईंची कानशिलं तापली, आणि त्या मागोमाग, शरम पुरती ओसरायच्या आत, राग आला. समजत नाही? मला?

लेक गेल्यावर त्या मशीनवर बसून राहिल्या. डोकं आपसूक कामाला लागलं, आणि त्याने हां हां म्हणता पाचसहा थापा तयार करून दिल्या. टेबल साफ करताना धक्का लागला. खुंट्या सैल झाल्यात, आपोआप पडतात, मी दिसेल तिथे बसवते. एकेक थाप अशी घोटीव, की हेडमास्तरांनी ती आनंदाने गिळली असती. बाईंनी त्या सगळ्या बघितल्या आणि त्यांना स्वतःचाच वीट आला. या हुशारीने मी एका शहाण्या माणसाला वेडा ठरवायला निघाले होते, आणि पुन्हा तिच्याकडेच औषध मागते आहे.

हेडमास्तर केस कापून आले ते थेट टेबलाकडे गेले. फळ्याची कापडी खोळ काढून झटकू लागले.

"हे काय करताय?"

"परत देतोय. वय झालं आता. नव्या लोकांनी करावं."

"अहो, त्या खुंट्या मी हलवल्या."

हेडमास्तर थांबले. मग वळून त्यांनी बायकोकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं.

"लेक बोलली वाटतं तुझ्याशी," ते म्हणाले. "आणि तू आता माझं मन राखायला हे अंगावर घेते आहेस. अगं, त्या खुंट्या कुणी उगाच हलवलेल्या नाहीत. बरोबर जागी गेल्यात त्या. ते तुझ्या हातून कसं होईल? तू नको डोक्याला..."

"बसा तिथे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या मशीनपाशी बसा. आणि मध्ये बोलू नका."

हेडमास्तर बसले. चाळीसेक वर्षांत बायकोचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि शाळेत हाच आवाज ते स्वतः वापरत असत, त्यामुळे त्याचं काय करायचं असतं ते त्यांच्या अंगवळणी होतं. बाई टेबलाच्या डोक्याशी असलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी फळ्यावरच्या सगळ्या खुंट्या उपटून त्या ठेवायच्या भांड्यात टाकल्या. सगळ्या. महिन्याचं काम.

"अगं!" हेडमास्तर अर्धे उठले.

"बोलू नका म्हटलं ना."

आणि त्या लावायला लागल्या. आधी हिरव्या, सगळ्या सकाळी. मग जांभळ्या, प्रयोगशाळा मोकळी असेल तशा. हात शिवणकामाचे, त्यामुळे कुठे धसमुसळेपणा नाही. खुंटी उचलली की जागेवर. नव्या दोन वर्गांपाशी त्या जरा थांबल्या, तपकिरी खुंटी ओठांत धरली, एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुढे निघाल्या. हेडमास्तर आधी चेहऱ्याकडे बघत होते, मग हातांकडे बघू लागले, आणि मग फक्त फळ्याकडे. सोमवार लागला. मंगळवार लागला. गुरुवारापाशी हेडमास्तरांनी श्वास रोखला. गुरुवार असा बसला, जसा तो कधी अवघड नव्हताच. भांडं रिकामं झालं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

"म्हणजे," हेडमास्तर म्हणाले.  "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठणठणीत आहे."

त्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, रडतात. रडतच होते, पण थोडे हसतही होते. बाई उठून जवळ गेल्या, तसा त्यांनी हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. तोंड वर केलं तेव्हा ते लाल झालं होतं.

"आणि तू रोज मला हळूच मदत करत होतीस. लहान पोराचं बोट धरतात तशी. मी म्हणत होतो सुटलं, सुटलं, आणि तू हो ना, हो ना करत होतीस." आवाज चढला. "इतकी कीव? माझी?"

"कीव नाही. माया आली म्हणून केलं."

"मायेने माणसाला वेडं करतात?"

"ते चुकलं माझं. साफ चुकलं. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही." बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "पण आता तुम्ही सांगा. इतकी वर्षं अवघड बातमी आली की मनात का वाचत होतात?"

"अगं, तुला कंटाळा येईल म्हणून..."

"नाही. मला कळणार नाही म्हणून."

  हेडमास्तर मशीनच्या चाकाशी चाळा करू लागले. सवयीचं उत्तर जिभेवर होतं, पण आज ते त्यांचं त्यांनाच पटेना.

"प्रेमानेच करत होतो," ते शेवटी म्हणाले.

"माहीत आहे. मीही प्रेमानेच केलं. कसं लागतं ते आता कळलं ना?"

"लागतं," हेडमास्तर म्हणाले. "फार लागतं गं." आणि मग, खाली बघून, "तुला रोज लागत होतं?"

"आधी नाही. हल्ली लागायला लागलं होतं."

हेडमास्तर उठले. फळ्यापाशी आले. बायकोने लावलेलं वेळापत्रक त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, शिक्षक वाचतो तसं, चूक शोधत. सापडली नाही. त्यांनी कपाटातला आपला जुना कॅमेरा काढून फळ्याचा फोटो घेतला. "हे शाळेला देऊ," ते म्हणाले. "तुझं म्हणून देऊ." आणि मग बायको नको नको म्हणत असताना त्यांनी सगळ्या खुंट्या पुन्हा उपटून भांड्यात टाकल्या.

"आता हे कशाला?"

"मला शिकायचंय. मी लावतो, तू बघ. पण एक अट. चुकलं की तोंडावर सांगायचं. पाठीमागून हलवायचं नाही. आणि हो ना, हो ना करायचं नाही."

"चिडाल."

"चिडेन. तू सांग तरी."

दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसले. हेडमास्तरांनी हिरव्या खुंट्या सकाळी लावल्या. बरोबर होत्या. दोन जांभळ्या लावल्या, त्याही बरोबर. मग त्यांनी निळी उचलली, बराच विचार केला, बुधवारी बसवली, आणि बायकोकडे पाहिलं. आशेने पाहिलं. बाईंना त्या खुंटीपासून शनिवारपर्यंतचा सगळा रस्ता दिसला, आणि तो कुठे बंद होतो तेही दिसलं. जीभ सवयीने वळत होती. राहू द्या, पुढे बघू, असं मऊसं काहीतरी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

हेडमास्तरांचे कान लाल झाले.  मग त्यांनी आपली खुर्ची बायकोजवळ सरकवली आणि फळ्यावर वाकले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.